रेडिएटरवैद्य

दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडे वस्ती विरळ होत होत वाळवंटाला मिळते त्या पट्ट्यात, साठीच्या घरात आलेल्या गृहस्थांचा असा एक वर्ग नांदतो की त्याची दखल समाजशास्त्राने केव्हाच घ्यायला हवी होती. परंतु समाजशास्त्रज्ञ शनिवारी सकाळी लोकांच्या गॅरेजमध्ये सहसा डोकावत नसल्याने ती राहून गेली आहे. या गृहस्थाकडे चाळीसएक वर्षांपूर्वीची एक डर्टबाइक असते, म्हणजे पक्क्या रस्त्यासाठी नव्हे तर माती, वाळू आणि टेकाडे यांच्यासाठीच बनवलेली, दिवे आणि आरसे नसलेली हलकी मोटारसायकल. ही गाडी तापते. आणि ती का तापते याचा छडा लावणे हे त्याने आपल्या उतारवयाचे कार्य म्हणून अंगीकारलेले असते. त्याला मेकॅनिक म्हणणे योग्य होणार नाही, कारण मेकॅनिकला गाडी बरी करून गिऱ्हाइकाच्या हवाली करायची असते आणि मग जेवायला जायचे असते. या गृहस्थाला गाडी कोणाच्याही हवाली करायची नसते, आणि जेवायला त्याला तीनदा बोलवावे लागते. त्याचा जीव दुरुस्तीत नसून निदानात असतो, म्हणून त्याला रेडिएटरवैद्य म्हणणेच न्याय्य ठरेल.

या वर्गाची उत्पत्ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल, बंद मार्गावर घोळक्याने गाड्या पळवण्याची शर्यत, हा मुळात युरोपचा खेळ. अमेरिकेत तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजू लागला. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउन यांचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला आणि त्यात स्टीव्ह मॅक्वीनसारखा नामांकित नट धुळीत गाडी घालताना दिसला; लगेच दुसऱ्या वर्षी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या क्रीडांगणात माती आणून ओतली गेली आणि तिथली शर्यत मार्टी ट्राइप्स या अवघ्या १६ वर्षांच्या मुलाने जिंकली. भावी वैद्यबुवा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. सोळा वर्षांचा मुलगा जिंकू शकतो तर आपल्याला अजून सहा वर्षे आहेत, असा हिशोब त्या पिढीतल्या असंख्य मुलांनी मनाशी केला, आणि तो चुकल्याचे लक्षात येईपर्यंत त्यांचे गुडघे कामातून गेलेले होते.

या मुलांनी विशी गाठली त्याच सुमारास डर्टबाइकच्या शरीरात पाणी शिरले. तोपर्यंतची इंजिने हवेवर थंड होत. सिलिंडरभोवती धातूचे पातळ पंख काढलेले असत, वारा त्यांच्यातून वाहून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. ही व्यवस्था बिनखर्चाची होती, पण टू-स्ट्रोक इंजिनाला पुरत नव्हती, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो तर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक, आणि त्यामुळे शर्यत अर्धी सरते न सरते तोच गाडीचा जोर ओसरू लागे. १९८१ च्या हंगामात होंडा, यामाहा आणि सुझुकी या तिन्ही कंपन्यांनी आपल्या १२५ सीसीच्या शर्यती गाड्यांना पाण्याने थंड होणारी इंजिने दिली. यामाहाच्या वायझेड १२५ एच या गाडीचा रेडिएटर तर पुढच्या फोर्कवर, थेट क्रमांकाच्या पाटीमागे बसवलेला होता, म्हणजे हँडल वळवले की पाण्यासकट रेडिएटरही वळे. हा प्रयोग फार काळ टिकला नाही आणि रेडिएटर पुढे टाकीखाली चौकटीच्या अंगाला येऊन स्थिरावला. मराठी वाचकाला रेडिएटर परिचित आहे तो घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या ट्रकमुळे. आपल्याकडच्या दुचाक्या दीर्घकाळ वाऱ्यावरच थंड होत राहिल्या, त्यामुळे मोटारसायकलीला पाणी लागते ही कल्पनाच इथे फार उशिरा आली. कॅलिफोर्नियातल्या त्या पिढीला मात्र पाणी ऐन तारुण्यात भेटले, आणि तारुण्यात भेटलेल्या गोष्टी माणूस म्हातारपणी पुन्हा विकत घेतो, हा तिकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराचा पाया आहे.

ही शीतकरणाची यंत्रणा खरे पाहता अगदी साधी असते. क्रँकच्या फिरण्यावर चालणारा एक छोटा पंप असतो. त्याच्या टोकाला बसवलेली पात्यांची चकती कूलंट ढकलते, म्हणजे पाणी आणि इथिलिन ग्लायकोल यांचे सहसा निम्मे-निम्मे मिश्रण. ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून आणि हेडमधून फिरून रबरी पाइपांवाटे रेडिएटरात जाते, तिथे वाऱ्याने निवते आणि परत पंपाकडे येते. सारा ऐवज जेमतेम लिटरभराचा. रेडिएटरच्या तोंडावर दाब धरून ठेवणारे झाकण असते आणि त्या झाकणावर या सगळ्या कारभाराची मदार असते, कारण दाब वाढला की उकळबिंदू वाढतो: उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळणारे हे मिश्रण वातावरणापेक्षा एक बार अधिक दाबाखाली १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत शांत राहते. त्या काळच्या शर्यती गाडीला पंखा नसे, थर्मोस्टॅट नसे आणि तापमान दाखवणारा काटाही नसे, कारण काटा बघायला शर्यतीत फुरसत कोणाला असते? या तिसऱ्या उणिवेतूनच रेडिएटरवैद्याचा जन्म झाला. काटा असता तर आकडा वाचून विषय मिटला असता. तो नसल्यामुळे सगळा कारभार लक्षणांवर, आणि लक्षणे म्हटली की वैद्य आलाच.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग उघड होण्याआधीची चाहूल, रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण, उपशय म्हणजे औषध देऊन पाहणे आणि त्याच्या गुणावगुणावरून रोग ओळखणे, आणि संप्राप्ती म्हणजे रोग अंगात कसा घडत गेला त्याची साखळी. ही पंचसूत्री कॅलिफोर्नियात कोणी वाचली असण्याचा संभव नाही, तरीही रेडिएटरवैद्य तिच्याच वाटेने चालतो. फरक इतकाच, की पाचांपैकी संप्राप्तीवर त्याचे निरतिशय प्रेम असते आणि उपशयाला तो हातघाईवर येईपर्यंत शिवत नाही. दहा-वीस डॉलरांचे नवे झाकण बसवून पाहावे, गाडी तापायची थांबली तर दोष झाकणाचा होता असे समजावे, हा उपशयाचा सरळ मार्ग त्याला गावंढळ वाटतो. झाकणाच्या आतली स्प्रिंग आणि रबराची चकती वयोमानाने निबर होते, मग झाकण ठरलेला दाब धरत नाही आणि कूलंट वेळेआधीच उकळून नळीवाटे बाहेर पडते, हे ज्ञान त्याला नसते असे नाही. उलट त्याच्याइतके कोणालाच नसते. पण झाकण हे कारण फार क्षुद्र आहे, आणि ज्या आजारावर आपण चार शनिवार खर्च केले त्याचे मूळ इतके क्षुद्र निघावे, हे स्वाभिमानी माणसाला परवडत नाही.

म्हणून त्याच्या संशयाची उतरंड नेहमी वरून खाली येते. पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि हेड यांच्यामधल्या सांध्यावर, कारण तो सांधा तपासायला इंजिनाचा माथा खोलावा लागतो. दुसरा संशय हेडच्या सपाटीवर, कारण ती पाहण्यासाठी काचेचा जाड तुकडा टेबलावर ठेवून, त्यावर एमरी पेपर पसरून, हेड आठच्या आकड्यात घासत बसण्याचे अनुपम सुख मिळते. तिसरा पंपावर. त्यानंतर पाइप, क्लिपा, मिश्रण, इग्निशनचे टायमिंग असे उतरत उतरत तो अखेर अगदी तळाशी पोहोचतो, जिथे रेडिएटरच्या जाळीत गेल्या वर्षीचा चिखल वाळून घट्ट बसलेला असतो आणि वारा आत जायला वाटच नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण महाराष्ट्रात तयार झाली असली तरी तिचा पूर्ण अर्थ समजण्यासाठी या गॅरेजला भेट द्यावी.

हेड गॅस्केटवरच्या संशयाची तपासणी हा या वैद्यकातील सर्वांत रंगतदार विधी असल्याने त्याचे वर्णन सविस्तर करणे भाग आहे. सांधा फुटला असेल तर स्फोटाचा वायू पाण्याच्या पोकळीत शिरतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, हे तत्त्व निर्विवाद आहे. त्यासाठी वैद्यबुवा थंड गाडी स्टँडवर चढवतात, झाकण काढतात, किक मारतात, विजेरी दातांत धरतात आणि ओणवे होऊन रेडिएटरच्या तोंडात पाहू लागतात. बुडबुडा येतो. पण कूलंट नुकतेच भरलेले असेल तर पाइपांच्या वळणांत हवा अडकलेली असते, आणि तीही अशीच बुडबुड्यांनी बाहेर येते. तेव्हा हा बुडबुडा हवेचा की स्फोटाचा हे ठरवण्यासाठी दुसऱ्या बुडबुड्याची वाट पाहणे प्राप्त होते. दुसरा येतो. तो पहिल्यापेक्षा किंचित मोठा वाटतो. विजेरीवरून लाळ ओघळून पाण्यात पडते आणि तिसरा बुडबुडा संशयास्पद ठरून बाद होतो. हवा काढून टाकण्यासाठी मग गाडीचे पुढचे चाक दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर चढवले जाते, पाइप हाताने दाबले जातात, गाडी डावीकडे आणि उजवीकडे कलती केली जाते, आणि या सर्व काळात इंजिन चालूच असते.

इथे या विधीतील मूळ गोम ध्यानात घ्यावी लागते. पंखा नसलेला रेडिएटर गाडी धावत असतानाच काम करतो. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे अगदी ठणठणीत गाडीसुद्धा बंद गॅरेजमध्ये दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवली तर तापून उकळणारच. वैद्यबुवांच्या तपासणीला साधारण तेवढाच वेळ लागतो. गाडी उकळते, तोंडातून वाफाळते पाणी उसळून चष्म्यावर येते आणि बुवा समाधानाने मागे सरकतात, कारण त्यांचा तर्क खरा ठरलेला असतो. रोग्याला निरोगी असतानाही आजारी पाडू शकणारी ही एकमेव तपासणी नसेल, पण तिचा क्रम बराच वरचा लागावा. कोणी समंजस शेजाऱ्याने हे निदर्शनास आणून दिलेच, तर पुढच्या शनिवारी दिवाणखान्यातला उभा पंखा गॅरेजमध्ये आलेला दिसतो.

पंख्याच्या आधी स्वयंपाकघरातून बरेच काही आलेले असते. साखरेच्या पाकाचे तापमान मोजण्याचा थर्मामीटर सर्वप्रथम येतो, कारण त्याची पट्टी नेमकी हवी तेवढ्या अंशांची असते. आणि एकदा कूलंटमध्ये बुडाला की तो परत स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही, कारण इथिलिन ग्लायकोल हे विष आहे. गाळणी येते, फनेल येते, रेडिएटरच्या नळ्यांतली पुटे सुटावीत म्हणून व्हिनेगरची बाटली येते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री टर्की भाजायचा थर्मामीटर सापडेना झाला की घरातली बाई कपाटे न उघडता सरळ गॅरेजचे दार उघडते. तिच्या चेहऱ्यावर राग नसतो. ज्यांचा नवरा शनिवारी कुठे असेल हे नक्की सांगता येते अशा थोड्या बायकांपैकी आपण एक आहोत, हे तिने केव्हाच हिशोबात धरलेले असते.

कूलंटच्या विषाचा उल्लेख आला त्या अनुषंगाने एका लुप्त होत चाललेल्या परीक्षेची नोंद करायला हवी. इथिलिन ग्लायकोल चवीला गोड असते, आणि जुन्या पठडीतले काही वैद्य जमिनीवर पडलेला थेंब पेट्रोलचा, तेलाचा की कूलंटचा हे ठरवण्यासाठी तो बोटाने जिभेला लावून पाहत. ही सवय मूर्खपणाची होती यात शंका नाही. त्याच गोडव्याला भुलून कुत्री-मांजरी आणि क्वचित लहान मुलेही प्राणास मुकत, म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००४ पासून अशा द्रवात कडू पदार्थ मिसळणे कायद्याने बंधनकारक केले. तेव्हापासून जिव्हापरीक्षा बंद पडली आणि वास उरला. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरून जळते आहे असे समजतात. निळसर धूर आला तर गिअरचे तेल उजव्या बाजूच्या क्रँक सीलमधून आत खेचले जात असण्याचा संभव असतो. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच चालते, त्यामुळे थोडा निळा धूर ती एरवीही सोडते, आणि सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ कोणत्याही गाडीतून येते. निळसर पांढरा आणि पांढरट निळा यांतला भेद करण्यासाठी दोन वैद्य सायलेन्सरच्या मागे गुडघे टेकून, डोळे मिटून, एकामागून एक दीर्घ श्वास घेत बसलेले पाहणे हा प्रकार प्राणायामाच्या अभ्यासकांनी चुकवू नये.

पंपाचे प्रकरण मात्र खरोखर नाट्यमय असते. पंपाचा दांडा एका बाजूने कूलंटमध्ये आणि दुसऱ्या बाजूने गिअरच्या तेलात असतो, त्यामुळे दोन द्रवांची गाठ पडू नये म्हणून त्यावर दोन सील बसवलेली असतात, एक पाण्याच्या अंगाला आणि एक तेलाच्या. या दोन सीलांच्या मधल्या जागेतून खाली एक बारीक भोक काढलेले असते आणि त्याचे काम फक्त चुगली करण्याचे असते: पाण्याचे सील झिजले तर तिथून कूलंट ठिबकते, तेलाचे झिजले तर तेल ठिबकते, आणि मालकाला वेळीच कळते. गाडीतला एवढा एकच अवयव असा आहे की जो विचारल्याविना खरे बोलतो. नेमक्या याच कारणाने तो पूर्वमालकाच्या डोळ्यांत सलतो. भोक ठिबकते म्हणजे भोकच बिघडले आहे, अशा सरळ विचाराने पूर्वमालकाने ते इपॉक्सीने घट्ट बुजवलेले असते. मग झिजल्या सीलमधून आलेल्या कूलंटला खाली वाट न मिळाल्याने ते पुढचे सील ओलांडून गिअरच्या तेलात जाते, तेलाची दुधाळ, चहाच्या रंगाची लापशी होते, क्लचच्या चकत्या त्या लापशीत भिजतात आणि रेडिएटरातले पाणी कोणताही डाग मागे न ठेवता कमी होत राहते. पाणी जाते, पण जमीन कोरडी. असा रोगी हाती लागणे हे रेडिएटरवैद्याच्या आयुष्यातले परमभाग्य होय. त्यावर तो दोन हंगाम काढू शकतो.

पूर्वमालक ही या सृष्टीतली स्वतंत्र देवता आहे आणि तिचे स्वरूप पूर्णतः अनिष्ट आहे. स्क्रूचे आटे मारलेले आढळले तर ते पूर्वमालकाने, पाइपाला चुकीच्या मापाची क्लिप असेल तर ती त्याची, नळाचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरात ओतून ॲल्युमिनियमच्या नळ्यांत पुटे चढवली असतील तर तीही त्याचीच करणी. डिस्टिल्ड वॉटर वापरावे एवढे साधे ज्याला समजत नाही, त्याला गाडी विकलीच कशी, असा प्रश्न वैद्यबुवा पोटतिडकीने विचारतात. चाळीस वर्षांत गाडी सात-आठ हातांतून गेलेली असते आणि प्रत्येक हात आपल्या आधीच्या हाताविषयी हेच बोललेला असतो, हा विचार त्यांना शिवत नाही. गॅरेजच्या फळीवर इपॉक्सीच्या दोन नळ्या त्यांच्याही असतात, पण त्या वेगळ्या कामासाठी.

दाबाच्या तपासणीचा हातपंप आणि वायू ओळखणारा निळा द्रव ही दोन उपकरणे या वैद्यकात आली आहेत, त्यांचा उल्लेख त्रोटकच पुरे. पहिल्याने रेडिएटरात दाब भरून तो टिकतो की उतरतो ते पाहतात. दुसऱ्यातून रेडिएटरच्या तोंडची हवा ओढतात आणि तिच्यात स्फोटाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव निळ्याचा पिवळा होतो. दोन्ही तपासण्या झटपट उरकतात आणि त्यांचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते, म्हणून त्या लोकप्रिय नाहीत.

त्यापेक्षा मनोवेधक आहे तो भरतीचा घोळ. गरम झालेला द्रव प्रसरण पावतो, म्हणून रेडिएटर काठोकाठ भरायचा नसतो. वर थोडी जागा सोडली नाही तर पहिल्याच फेरीत जास्तीचे कूलंट झाकणाला न जुमानता नळीतून बाहेर पडते आणि उरलेले बरोबर हव्या त्या पातळीवर येऊन थांबते. मोटारीत हे जास्तीचे पाणी बाजूच्या बाटलीत साठते आणि गाडी निवली की परत आत खेचले जाते. त्या काळच्या डर्टबाइकला बहुधा ती बाटली नसे, त्यामुळे ते जमिनीवर सांडते आणि दिसते. दिसल्यावर वैद्यबुवांच्या पोटात गोळा येतो. ते गाडी निवू देतात, झाकण उघडतात, पातळी बोटभर खाली गेल्याचे पाहून चुकचुकतात आणि रेडिएटर पुन्हा काठोकाठ भरतात. पुढच्या फेरीत तेवढेच पुन्हा सांडते. या रीतीने पूर्णपणे निरोगी असलेली गाडी वर्षानुवर्षे गळत ठेवता येते, आणि गळतीच्या परिमाणाची तारीखवार नोंद असलेली वही भिंतीवर दोरीला टांगलेली असते.

हिवाळ्यात वाळवंटातल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर या वर्गाची संमेलने भरतात. तिथे एखादी गाडी वाफा टाकत थांबली की पाच-सहा जण खुर्च्या सोडून तिच्याभोवती जमतात आणि व्यक्ती तितक्या प्रकृती याचा प्रत्यय येतो. एक जेटवादी असतो: कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी भोकाची पितळी खिट्टी, बारीक पडली की मिश्रण लीन होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते, तेव्हा रेडिएटरला दोष देणे अडाणीपणाचे आहे, हे त्याचे म्हणणे, आणि ते पुष्कळदा बरोबर असते, म्हणूनच त्याला कोणी खुर्ची देत नाही. दुसरा सीलवादी: डाव्या बाजूचे क्रँक सील गेले की बाहेरची हवा आत शिरून मिश्रण लीन होते, असे तो सांगतो, आणि दोघांचे म्हणणे शेवटी एकाच ठिकाणी पोहोचते हे लक्षात न घेता जेटवाद्याशी भांडतो. तिसरा एक अल्पभाषी असतो, जो प्रत्येक आजारावर मोठा रेडिएटर बसवा एवढेच सांगतो. एखादा अतिशीतवादीही भेटतो: थंडीत इंजिन पुरते गरम न करता गाडी हाणली तर ॲल्युमिनियमचा पिस्टन भोवतालच्या सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि इंजिन सीझ होते, म्हणून डिसेंबरात रेडिएटरवर चिकटपट्टी लावून तो अर्धा झाकावा, असा त्याचा उपदेश असतो. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. गाडी तापते म्हणून जमलेल्या मंडळींना ती पुरेशी तापत नाही असे सांगण्याचे धैर्य मात्र शास्त्रापलीकडचे मानावे लागेल.

या सर्व मतांतून एक कारण कटाक्षाने वगळलेले असते, आणि बहुसंख्य प्रकरणांत तेच खरे असते. शर्यतीची गाडी विशीतल्या पोरासाठी, सतत अंगावर वारा घेत पूर्ण वेगाने धावण्यासाठी बनवलेली असते. तिचा रेडिएटर त्या वाऱ्याच्या हिशोबाने बेतलेला असतो. आज तिच्यावर बसणारा माणूस तेव्हाच्या पोरापेक्षा बराच वजनदार असतो, त्याच्या गुडघ्यात स्टीलचे स्क्रू असतात, आणि वाळूच्या चढावर तो पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, चालत्या माणसाच्या गतीने वर जातो. इंजिन ओरडत असते, क्लच घसरून स्वतःची उष्णता तेलात ओतत असतो आणि रेडिएटरला वारा म्हणून काही लागत नसतो. अशा स्थितीत गाडी उकळली नाही तरच नवल. मध्यंतरी मागच्या खुर्चीवर सँडविच खात बसलेला नातू म्हणतो, “आजोबा, जरा जोरात चालवा ना, वारा लागेल तिला.” मंडळी क्षणभर थांबतात. मग अल्पभाषी गृहस्थ म्हणतो, मोठा रेडिएटर बसवा, आणि चर्चा पूर्ववत सुरू होते.

कधी कधी, कोणाचाही इलाज चालत नसताना, गाडी बरी होते. सीलांची नवी जोडी बसते, बुजलेले भोक बारीक ड्रिलने मोकळे होते, जाळी पाण्याने हलक्या हाताने धुतली जाते, झाकण बदलले जाते, आणि हे सगळे एकाच शनिवारी झाल्यामुळे गुण कशाने आला हे सांगता येत नाही. ही गोष्ट वैद्यबुवांच्या जिव्हारी लागते. ते झाकण काढून जुने बसवतात आणि पाहतात. गाडी तापत नाही. जुने सील पुन्हा घालावे की काय, असा विचारही त्यांच्या मनात येऊन जातो, पण सील एकदा काढले की पुन्हा कामाचे राहत नाही. भिंतीवरच्या वहीत आठवडेच्या आठवडे ‘गळती नाही’ एवढेच लिहिले जाते आणि शनिवारची न्याहारी दहा वाजेपर्यंत लांबते. घरातल्या बाईला या काळात सर्वाधिक त्रास होतो, कारण बुवांचे लक्ष भांडी धुण्याच्या यंत्राकडे वळते.

अशा वेळी बुवा शेवटी दुसरी गाडी आणतात, आणि पुरे झाली ती पाण्याची कटकट असे जाहीर करून मुद्दाम १९७३ ची होंडा सीआर २५० एम आणतात, जिला एल्सिनोर म्हणतात आणि जी निव्वळ हवेवर थंड होते. पंप नाही, पाइप नाही, झाकण नाही, गळायला काही नाही. पहिला शनिवार ते तिच्याकडे हात पाठीमागे बांधून नुसते पाहतात. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या ध्यानात येते की सिलिंडरच्या पंखांच्या मध्ये रबराचे छोटे ठोकळे दाबून बसवलेले आहेत. कंपनाने पंख किणकिणू नयेत म्हणून त्या काळच्या गाड्यांत ते घालत. पण रबर उष्णता धरून ठेवते, आणि जिथे रबर आहे तिथून वारा जात नाही. ठोकळे मूळचे आहेत की पूर्वमालकाने जास्तीचे ठोकलेले आहेत हे ठरवण्यासाठी आधी ते मोजायला हवेत, मग एकेक काढून दर वेळी तापमान घ्यायला हवे. बुवा विजेरी दातांत धरतात आणि आतल्या दाराकडे तोंड करून, मांसाचा मोठा थर्मामीटर कुठे ठेवला आहे, असे विचारतात.